गाडीतला जुना नकाशा: पैसे कुठे घालावेत, कुठे घालू नयेत

गाडीच्या पडद्यावर 'अहिल्यानगर' असं टाइप करून पाहा. सापडलं नाही तर 'अहमदनगर' टाका, ते सापडेल. जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदललं, म्हणजे तुमच्या गाडीतला नकाशा त्याआधीचा आहे. नाव जुनं राहिलं म्हणून कुणी वाट चुकत नाही. पण नकाशाचं वय काढायला इथून सुरुवात करता येते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर 'साहेब, मॅप अपडेट करून घ्या' असं कुणी म्हणालं, तर खिशात हात घालण्याआधी हे वय आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

पुढची खूण काकडीची. शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाजवळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. तो नकाशात नसेल तर नकाशा त्याहून जुना. विमानतळ असेल तर समृद्धी महामार्ग शोधा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा २६ मे २०२३ रोजी, आणि इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. कोपरगावहून मुंबईचा रस्ता मागितला आणि पडद्याने समृद्धीचं नावच काढलं नाही, तर काय ते कळलं. नगर शहरातला उड्डाणपूल २०२२ च्या नोव्हेंबरात वाहतुकीला खुला झाला. तो ठाऊक नसलेल्या नकाशाला पुलावर चढायचं की खालून जायचं हे सांगता येत नाही, आणि नेमकं तिथेच बाहेरगावचा चालक गोंधळतो.

फारच जुना नकाशा ओळखायचा असेल तर रस्त्यांचे क्रमांक पाहा. संगमनेरवरून जाणारा पुणे–नाशिक रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ५० होता, आज तो ६० आहे. माळशेज चढून नगर, पाथर्डीकडे जाणारा कल्याण–निर्मल रस्ता २२२ होता, त्याचा आता ६१ झाला आहे. पडद्यावर अजून ५० आणि २२२ दिसत असतील, तर त्या नकाशाची मूळ माहिती दहा-पंधरा वर्षांमागची आहे. घरासमोर गाडी उभी करून हे चार-पाच शोध फुकटात होतात, आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर बसतो.

नकाशा असतो कुठे

कंपनीने बसवलेला नकाशा तीनपैकी एका जागी असतो: एसडी कार्डावर, संचाच्या आतल्या मेमरीत किंवा इंटरनेटवर. यातली आपली कुठली, हे आधी शोधा, कारण खर्च त्यावर ठरतो.

एसडी कार्डाची पद्धत जुन्या गाड्यांत सर्रास होती. मारुतीच्या २०१५ च्या आसपासच्या स्मार्टप्ले संचात, वरच्या मॉडेलबरोबर, नकाशाचं कार्ड मिळत असे. कार्ड काढलं की नकाशा गेला. पुष्कळांना वाटतं की हे कार्ड संगणकात घालून मोठ्या कार्डावर उतरवून घेतलं की काम झालं. तसं होत नाही. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक ओळखक्रमांक कोरलेला असतो आणि नकाशाचा परवाना त्या क्रमांकाशी बांधलेला असतो. फाइली जशाच्या तशा उतरल्या तरी संच नवं कार्ड ओळखत नाही. 'कॉपी मारून देतो' म्हणणाऱ्याला दिलेले तीन-चारशे रुपये त्यामुळे वाया जातात. चोरीचा नकाशा भरून देणारेही भेटतात. तो बेकायदा तर आहेच, शिवाय चुकीचं सॉफ्टवेअर गेलं की अख्खा संच बंद पडण्याची भीती असते, आणि मग वॉरंटीही हात वर करते.

कार्डाच्या आकाराचीही एक मर्यादा आहे आणि ती दुकानदार सांगत नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एका जातीची, त्यावरची दुसऱ्या जातीची आणि वेगळ्या मांडणीची. जुना संच पहिली जातच वाचतो. म्हणून 'जागा कमी पडते' असं ऐकून कुणी १२८ जीबीचं कार्ड आणतो आणि पडदा 'कार्ड सापडले नाही' म्हणतो. कार्ड खराब नसतं, संचाचं वय झालेलं असतं. पेन ड्राइव्हचं तेच. जुन्या मांडणीत ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, त्यामुळे मोठा नकाशा संगणकावर नीट उतरूनही पेन ड्राइव्हवर चढताना अडतो. जुन्या संचासाठी ३२ जीबीचा, नावाजलेल्या कंपनीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्याला साधारण ४०० ते ८०० रुपये पडतात.

दुसरी पद्धत आतल्या मेमरीची. पहिल्या पिढीच्या रेनॉ डस्टरमधल्या मीडियानॅव्हसारख्या संचांत नकाशा आत असतो आणि पेन ड्राइव्हने बदलता येतो. ही मेमरी पाटीवर झाळून बसवलेली असते. ती काढून मोठी घालणं हे आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम नव्हे. त्याच मर्यादित जागेत नकाशा, बोलणारे आवाज, चौकांची चित्रं आणि संचाचं स्वतःचं सॉफ्टवेअर दाटीने राहतात. इकडे देशातले रस्ते, पूल, दुकानं, पंप वाढत राहतात, म्हणजे दर नव्या आवृत्तीला नकाशा फुगतो, आणि जागा आहे तेवढीच.

जागा संपली की कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात: नकाशाचे तुकडे करून ग्राहकाला एखादाच विभाग निवडायला लावायचा, किंवा त्या संचाला नवा नकाशा देणंच थांबवायचं. जगभर दोन्ही घडलं आहे. टॉमटॉम या डच कंपनीने २०१८ च्या सुरुवातीला जाहीर केलं की तिच्या काही जुन्या उपकरणांना यापुढे नवे नकाशे मिळणार नाहीत, कारण नवा नकाशा आणि सॉफ्टवेअर चालवण्याएवढी ताकद त्यांच्यात नाही. त्या उपकरणांच्या कित्येक मालकांनी 'लाइफटाइम' नकाशे म्हणून जास्तीचे पैसे मोजले होते. त्यांना सांगण्यात आलं की हे आयुष्य म्हणजे कंपनी त्या उपकरणाला आधार देईल तेवढाच काळ. आपल्याकडच्या शोरूममध्ये 'लाइफटाइम मॅप फ्री' असं कुणी म्हणालं, तर किती वर्षं ते सालासकट कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर त्या शब्दाची किंमत शून्य धरा.

मेमरी नुसती भरत नाही, झिजतेही. अमेरिकेत २०२१ साली टेस्लाला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण पडद्यामागची ८ जीबीची मेमरी सतत लिहून-खोडून निकामी होत होती. पडदा गेला की मागचा कॅमेराही जात होता. आपल्या गाडीतली लक्षणं ओळखण्यासारखी आहेत: संच सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागणं, मधेच बंद होऊन पुन्हा चालू होणं, बोट लावल्यावर थिजणं, ठरवून ठेवलेली रेडिओ स्टेशनं पुसली जाणं. अशा संचावर नव्या नकाशाचे पैसे घालू नका. दुखणं नकाशात नसतं.

तारखेचंही एक दुखणं आहे. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजतात आणि जुन्या पद्धतीत १,०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षांनी, मोजणी पुन्हा शून्यावर येते. असं शेवटचं २०१९ च्या एप्रिलात झालं, पुढचं २०३८ च्या नोव्हेंबरात होईल. २०२२ च्या जानेवारीत परदेशातल्या अनेक जुन्या होंडा गाड्यांची घड्याळं एकाएकी २००२ सालात गेली, ती अशाच मोजणीच्या गडबडीमुळे. तुमच्या संचावरची तारीख वीस वर्षं मागे गेली असेल तर घड्याळ पुन्हा पुन्हा लावत बसू नका. सॉफ्टवेअरची दुरुस्ती कंपनीकडे आहे का, एवढंच विचारा.

आता खर्च

खालचे आकडे बाजारातले ढोबळ आहेत. नगर, संगमनेर, श्रीरामपूर आणि पुणे यांत फरक पडेल, ब्रँडप्रमाणे तर पडेलच.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे आधी गाडीतलाच संच तपासणं. २०१५ नंतरच्या बऱ्याच टच स्क्रीन संचांत फोन जोडून अँड्रॉइड ऑटो किंवा अ‍ॅपल कारप्ले चालतं. काही संचांना ते नंतर सॉफ्टवेअरने मिळालं. सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा संचाचं मॉडेल दाखवा आणि 'याला अँड्रॉइड ऑटोचं अपडेट आहे का' असा नेमका प्रश्न विचारा. नुसतं 'मॅप अपडेट करा' म्हणाल तर ते मॅपचेच पैसे सांगतील. अपडेट मिळालं तर खर्च फक्त चांगल्या डेटा केबलचा, ३०० ते ७०० रुपये. चार्जिंगपुरती केबल इथे चालत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथेच असतात. केबल नको असेल तर वायरलेस डोंगल अडीच हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंत मिळतं. पण ते केबलवरचं अँड्रॉइड ऑटो आधीपासून असलेल्या संचावरच चालतं. ज्याच्यात ते नाहीच, त्याच्यात डोंगल लावून येत नाही.

कंपनीचा अधिकृत नकाशा घ्यायचा तर आधी तो मोफत आहे का ते पाहा. ह्युंदाई आणि किया बऱ्याच मॉडेलांचा नकाशा आपल्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊ देतात. खर्च पेन ड्राइव्हचा आणि घरच्या वायफायचा. नव्या गाड्यांत नकाशा हवेतूनच येतो. पैसे मागत असतील तर तीन प्रश्न विचारा: हा नकाशा कुठल्या साली आणि महिन्यात तयार झाला, यात समृद्धी आमण्यापर्यंत आहे का, आणि यानंतरचा कधी येणार. 'अपडेट' म्हणून तीन वर्षांपूर्वीचा नकाशा विकला जाऊ शकतो, कारण तोही तुमच्याकडच्याहून नवाच असतो. माझं मत स्पष्ट आहे. संच आठ वर्षांहून जुना असेल आणि नकाशाचे दोन हजारांहून जास्त मागत असतील, तर नाही म्हणा. ते पैसे पुढच्या पर्यायात घाला.

तो पर्याय संच बदलण्याचा. ज्याला आपल्याकडे अजूनही 'टेप' म्हणतात, त्या जागी आज अँड्रॉइड स्टिरिओ बसतो. साधा ७-८ हजारांपासून, बरा १५ ते २५ हजारांपर्यंत. सोनी, पायोनियर यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचे फोन जोडून चालणारे संच साधारण १५ हजारांपासून चाळीस हजारांच्या वर जातात. त्यावर तुमच्या गाडीच्या मापाची फ्रेम आणि कपलर, ८०० ते अडीच हजार. फिटिंग ५०० ते दीड हजार. पावती घेतलीत तर मजुरीवर १८ टक्के जीएसटी लागेल. तो द्या आणि पावती घ्याच, कारण वॉरंटी आणि तक्रार दोन्ही त्या कागदावर उभ्या असतात.

स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओत मेमरीची फसवणूक फार चालते, म्हणून इथे जरा थांबतो. खोक्यावर '४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज' छापलेलं असतं, सेटिंग्जमध्येही तेच दिसतं, आणि आत त्याच्या निम्मंही नसतं. सेटिंग्जमधला आकडा सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो, त्यावर विसंबू नका. घरून पेन ड्राइव्हवर मोठ्या व्हिडिओ फाइली न्या आणि दुकानातच संचाच्या मेमरीत उतरवायला सांगा. ६४ जीबीचा म्हणवणारा संच पंधरा-वीस जीबीलाच 'जागा नाही' म्हणाला, तर खोकं बंद करून परत द्या. मग संच पूर्ण बंद करून चालू करा, नकाशा उघडा आणि रस्त्यावर येऊन आपली जागा पडद्यावर यायला किती वेळ लागतो ते पाहा. दुकानाच्या पत्र्याखाली जीपीएस नीट पकडत नाही, तेव्हा ही परीक्षा उघड्यावरच घ्यायची. जीपीएसचा अँटेना डॅशबोर्डच्या वरच्या अंगाला, काचेजवळ चिकटवायला सांगा. घाईत तो लोखंडी पट्टीमागे कोंबतात आणि मग गाडी पडद्यावर शेतातून चालताना दिसते.

फिटिंग करताना 'वायर कट करू नका, कपलरवर बसवा' हे वाक्य ठणकावून सांगा. तार कापली की शोरूम गाडीच्या विजेच्या कामाची वॉरंटी नाकारू शकते. चावी काढल्यावर संच खरोखर बंद होतो का ते पाहून घ्या. चुकीच्या तारेवर जोडलेला संच रात्रभर बॅटरी खातो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. स्टिअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा आणि पार्किंगचे सेन्सर जुन्या संचावरच चालत असतील तर नव्यावर चालतील का, हेही पैसे देण्याआधी विचारा. आणि वीस हजारांचा संच बसवलात तर विम्याच्या नूतनीकरणावेळी तो जोडीचं इलेक्ट्रॉनिक सामान म्हणून लिहून घ्या. त्याचा हप्ता साधारण किमतीच्या ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला आठशे रुपये. पॉलिसीत नोंद नसेल तर चोरीनंतर त्याचे पैसे मिळत नाहीत.

फोन आणि होल्डर ही चौथी वाट. ३०० ते १,००० रुपयांत काम होतं आणि जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांना तेवढंच पुरे आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करता येतो. मांडीवर ठेवलेला फोन त्यात बसत नाही; दंड १,००० रुपयांपासून ५,००० पर्यंत आहे. होल्डर काचेच्या मधोमध न लावता एसीच्या जाळीवर लावा. उन्हाळ्यात नगरच्या उन्हात काचेवरचा फोन तापून बंद पडतो, जाळीवर त्याला गार वारा मिळतो.

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात

जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, १४ तालुक्यांचा. नगर–शिर्डी रस्त्यावर फोनवरचा नकाशा बिनतक्रार चालतो. पण भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, पाचनई, बारीकडे वळलात की रेंज येते-जाते. जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला रात्री येणाऱ्या गाड्यांची तिथे रांग लागते आणि बहुतेकांचा भरवसा फोनवर असतो. इंटरनेटवर चालणारा नकाशा इथे दगा देतो, गाडीत साठवलेला जुना नकाशा मात्र चालू राहतो. आत बसवलेल्या नकाशाचा हा एक खरा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण तो फायदा फोनवरही फुकट मिळतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर गुगल मॅप्समधून अहिल्यानगर जिल्हा आणि लगतचे इगतपुरी, सिन्नर, जुन्नर हे भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. काही शे एमबी जागा लागते. फोन भरलेला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ पुसा, पुरेशी जागा होते. ऑफलाइन नकाशात वाहतुकीची कोंडी दिसत नाही आणि ठरावीक काळाने तो ताजा करावा लागतो, नाहीतर मुदत संपते. 'आपोआप अपडेट' चालू ठेवा. गुगलखेरीज मॅपमायइंडियाचं मॅपल्स आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स आहे, जे पूर्णपणे ऑफलाइन आणि मोफत चालतं. दोन वेगळ्या नकाशांनी दोन वेगळे रस्ते दाखवले तर थांबून माणसाला विचारा.

हे आग्रहाने सांगतो, कारण ताजा नकाशाही जीव घेऊ शकतो आणि ते याच अकोले तालुक्यात घडलं आहे. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री फोनवरच्या नकाशाप्रमाणे कोतूळच्या पुलाकडे वळली. पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. वर्षातले काही महिने तो पाण्याखाली असतो हे कोतूळच्या पोरासोरांना ठाऊक आहे, नकाशाला नव्हतं. गाडीतले दोघे बाहेर पडले, चालक बुडाला. कुठल्याही किमतीचा संच, कितीही जीबीची मेमरी ही माहिती देत नव्हती. मुळा, प्रवरेच्या काठच्या गावांत असे बुडीत रस्ते आणि पावसाळी फरशी पूल आणखी आहेत. तुमच्या गावच्या वाटेवर असा पूल असेल तर तो पाण्याखाली जाताच गुगल मॅप्समध्ये 'रस्ता बंद' अशी नोंद करा आणि ग्रामपंचायतीकडे फलकाचा अर्ज द्या. नोंद करायला पैसा लागत नाही. आणि पाहुण्यांना अंधारात, पावसात रस्ता दिसेनासा झाला, तर गाडीतून उतरून पुढे पाहायला सांगा.

नवी किंवा जुनी गाडी घेताना

नवी गाडी घेताना नॅव्हिगेशनसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. समजा त्यासाठी ५० हजार जास्त मोजले आणि ते ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात गेले. महिन्याला सुमारे १,०३८ रुपये, पाच वर्षांत जवळपास ६२,३०० रुपये होतात. कर्ज फिटेल तेव्हा नकाशा पाच वर्षं जुना झालेला असेल. वरच्या मॉडेलमध्ये जास्तीच्या एअरबॅग्ज किंवा चांगले ब्रेक मिळत असतील तर ती गोष्ट वेगळी, त्यासाठी जरूर द्या. पडद्याचं म्हणाल तर अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले असलं की पुरे. ते आज मधल्या मॉडेलांतही मिळतं.

सिमवर चालणाऱ्या जोडलेल्या सेवांचा हिशेब वेगळा ठेवा. ह्युंदाईची ब्लूलिंक २०१९ मध्ये व्हेन्यूबरोबर आली आणि तेव्हा पहिली तीन वर्षं मोफत होती. इतर कंपन्यांचीही पद्धत तशीच आहे: सुरुवातीला मोफत, पुढे वर्षाचे पैसे. चौथ्या वर्षाचा दर शोरूममध्ये आजच विचारा, लिहून घ्या आणि त्याला सातने गुणा. दहा वर्षं गाडी वापरलीत तर तेवढा खर्च. वर्गणी बंद केल्यावर गाडीतला नकाशा चालतो की नुसती गर्दीची माहिती बंद होते, हेही विचारा. आणि गाडीतलं सिम ज्या पिढीच्या नेटवर्कवर चालतं ते नेटवर्कच बंद झालं तर काय, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत २०२२ साली थ्रीजी बंद झालं तेव्हा अनेक धडधाकट गाड्यांच्या जोडलेल्या सेवा कायमच्या गेल्या.

जुनी गाडी घेताना एसडी कार्डाची खाच उघडून पाहा. मूळ कार्ड हरवलेलं असतं आणि विकणारा 'नॅव्हिगेशनवाली टॉप मॉडेल' म्हणून भाव सांगतो. कार्ड नसेल तर त्या सोयीचा एक रुपयाही मोजू नका. गाडी विकताना उलटं काम करा: संच फॅक्टरी रिसेट करा. त्यात तुमच्या घराचा पत्ता, रोजच्या वाटा आणि जोडलेल्या फोनमधले नंबर साठलेले असतात. जोडलेल्या सेवेच्या अ‍ॅपमधूनही गाडी काढून टाका, नाहीतर विकलेली गाडी कुठे उभी आहे ते तुम्हाला दिसत राहील, आणि तुम्ही घेतलेली जुनी गाडी तिच्या आधीच्या मालकाला.

फसवणूक झाली तर

सांगितलेली मेमरी आत नसणं, 'लाइफटाइम' म्हणून विकलेला नकाशा दोन वर्षांत बंद करणं, अपडेटच्या नावाखाली जुनाच नकाशा भरणं, या सगळ्यांवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागता येते. पहिल्यांदा दुकानाला किंवा कंपनीला लेखी तक्रार द्या, ईमेल चालेल. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान पुण्यातलं किंवा ऑनलाइन असलं तरी तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे अहिल्यानगरलाच, तक्रार करता येते. अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येतो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, म्हणजे स्टिरिओची तक्रार फुकट. तक्रार गाडीबद्दल असेल आणि ती १० ते २० लाखांची असेल तर ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. म्हणून पावती, वॉरंटी कार्ड, खोक्यावर छापलेल्या मेमरीच्या आकड्याचा फोटो आणि विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली आश्वासनं खरेदीच्या दिवशीच एका जागी जपून ठेवा. आयोगापुढे तोंडी बोलण्यापेक्षा हे कागदच उपयोगी पडतात.